गालातलं नाव

गेल्या गुरुवारी सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि पाचट जाळल्याचा वास आला. सिंगापूरच्या क्लेमेंटीत, सरकारी बिल्डिंगच्या बाराव्या मजल्यावर, पाचट कोण जाळायला येणार? पण नाकाला एवढी अक्कल नसते. त्याला आधी सातारा आठवला, ऊसतोड झाल्यावर संध्याकाळी पेटवलेली रानं आठवली, काजळी पडू नये म्हणून दोरीवरची धुणी भराभर ओढून घेणारी आई आठवली. मग कुठं डोळे कामाला लागले. समोरचा ब्लॉक फिकट झाला होता, त्याच्या मागचा दिसतच नव्हता, आणि सूर्य इतका लालसर, इतका मवाळ होता की त्याच्याकडं सरळ बघता येत होतं. हेझ आलं होतं. मी खिडकी लावून घेतली, चहा केला आणि नेहमीसारखा बिनसाखरेचा प्यायले.

हेझ म्हणजे शेजारच्या सुमात्रात जळणाऱ्या रानांचा धूर. वारा फिरला की तो समुद्र ओलांडून आमच्याकडं राहायला येतो. दर वर्षी येतोच असं नाही, आणि आला तरी फार दिवस मुक्काम करतो असंही नाही. पण आला की सगळं शहर खिडक्या लावून बसतं. साताऱ्याची माणसं पावसाळ्यात धरणाचं पाणी किती चढलं ते विचारतात, तशी इथली माणसं हवा किती बिघडली त्याचा आकडा विचारत राहतात. दुकानांतले मास्क संपतात. एमआरटीत कुणी खोकलं की अख्खा डबा त्याच्याकडं बघतो. बाकीच्यांचा घसा खवखवतो, माझं मन मला खातं. त्याला कारण मिस आयोनी.

ईरा, माझी मुलगी, आता युनिव्हर्सिटीत आहे. तेव्हा आठ वर्षांची होती. त्या वर्षी हेझ असं आलं की जायचं नावच घेईना. आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून, मार्वा राहायची. ती जवळच्या युनिव्हर्सिटीत मातीवर संशोधन करायची. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरची. तिनं पहिल्यांदा नाव सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं होतं की आमच्याकडं हा सूर्यास्ताच्या वेळचा राग आहे, आणि आमच्या भाषेत राग म्हणजे संतापही. ती हसली आणि म्हणाली की तिच्याकडं मात्र दिवसभर रागच असतो. लॅबमधून रात्री परतायची, सकाळी आम्ही उठायच्या आत जायची. अशा मुलीकडं त्या वर्षी तिची आई काही महिने राहायला आली. तीच मिस आयोनी.

उंच, काळ्याभोर, डोक्याला कायम रंगीत कापड गुंडाळलेलं, चालताना पाठ ताठ. कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला गुड मॉर्निंग म्हणायच्या. लोक मान खाली घालून पुढं सटकायचे. मी काही वेगळी नव्हते. पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा मी खांद्यावरची पर्स पुढं ओढून घेतली होती. त्यांनी ते पाहिलं. पाहून माझ्या हातातल्या भाजीच्या पिशवीकडं बोट केलं आणि भेंडी कशी दिली म्हणून विचारलं. लाज वाटायला मला बारावा मजला यावा लागला.

मग हवा बिघडली आणि कॉरिडॉरमधली खुर्ची आत गेली. दिवसभर बंद घरात ही बाई एकटी काय करत असेल, असं वाटून मी त्यांना संध्याकाळी आमच्याकडं बोलवायला लागले. श्रावण होता. शुक्रवारी साबुदाण्याची खिचडी केली होती. त्यांनी घास तोंडात घोळवला आणि म्हणाल्या, हा तर आमचा कसावा कंद, याला एवढं गोल गोल करायचे कष्ट कुणी घेतले? दुसऱ्या दिवशी त्या तळलेल्या जाडजूड पुऱ्या घेऊन आल्या, त्यांना त्या ‘बेक’ म्हणायच्या. चहात मात्र साखर घेत नसत. मी डायबेटिस आहे का विचारलं, तर म्हणाल्या, नाही, काम चालू आहे. मला वाटलं, त्यांच्या इंग्रजीचा काहीतरी वेगळा अर्थ असेल.

ईराला त्यांनी पहिल्याच संध्याकाळी खिशात टाकलं. गोष्ट सांगायची म्हणजे आधी त्या जोरात ‘क्रिक’ म्हणायच्या. ऐकणाऱ्यानं ‘क्रॅक’ म्हणायचं. मधे थांबून पुन्हा ‘क्रिक’. कुणी ‘क्रॅक’ म्हटलं नाही तर गोष्ट तिथंच बसून राहायची, रुसलेल्या जावयासारखी. ईरा गादीवर उड्या मारत क्रॅक क्रॅक करायची. एरवी मी मराठीत काही सांगायला गेले की ‘मम्मा, व्हेअर गॉट टाइम, लाह’ म्हणणारी हीच कार्टी. मात्र सूर्य मावळल्याशिवाय मिस आयोनी तोंड उघडत नसत. त्यांच्या बेटावर दिवसा गोष्ट सांगितली तर सांगणाऱ्याच्या आईवर संकट येतं म्हणतात. मला गंमत वाटली. आम्हालाही लहानपणी सांगायचे की दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. माझा धाकटा मामा तसाही वाट चुकलेलाच होता, त्यामुळं आम्ही बिनधास्त दुपारी गोष्टी सांगायचो.

‘क्रॅक’ ऐकलं की मला आईचं ‘हूं’ आठवायचं. आई श्रावणातल्या शुक्रवारी कहाणी सांगायची. पुस्तकातली वेगळी, ही आमच्या घरातली होती, आईला तिच्या आईनं सांगितलेली, तिला तिच्या आईनं. ऐकणाऱ्यांनी हातात अक्षता घेऊन बसायचं आणि प्रत्येक वाक्याला हूं म्हणायचं. आम्ही भावंडं पेंगायला लागलो की आई थांबायची. हुंकार दिल्याशिवाय कहाणी पुढं सरकत नाही, आणि अर्ध्यावर सोडलेली कहाणी घरात ठेवू नये, असं ती म्हणायची. कुणी म्हातारं माणूस गोष्ट सांगत असावं आणि समोरून हूं येऊ नये, याच्याइतकं वाईट काही नाही, हे माझ्या हाडात तिथं बसलं. पुढं जे झालं ते या हाडामुळं झालं.

बाबा गेल्यावर आईसमोर हूं म्हणायला कुणी उरलं नाही. मग तिनं श्रावणी शुक्रवारी फोन करायला सुरुवात केली. तिच्याकडं दिवेलागण, तेव्हा माझ्याकडं जेवणं उरकून लॅपटॉप उघडायची वेळ. मी अकाउंट्समध्ये. पाया लेबारच्या ऑफिसात महिनाअखेर आली की हिशेबाचं काम घरीही येतं. मी फोन स्पीकरवर ठेवायचे, एक्सेलमध्ये आकडे भरायचे आणि अधूनमधून हूं टाकायचे. पुढं पुढं टायपिंगचा आवाज तिला जाऊ नये म्हणून फोन म्यूट करायला लागले. म्यूटवरचा हूं तिला कसा ऐकू जाणार? ती म्हणायची, “ऐकतेस ना गं?” मी घाईघाईनं म्यूट काढून हो हो म्हणायचे. ती पुन्हा सुरू करायची. आई साधी आहे, पण बावळट नाही.

तर ती संध्याकाळ. महिनाअखेर होती, हवेचा आकडा चढलेला, शाळांना त्या दिवशी सुट्टी दिली होती. मार्वा चक्क लवकर घरी आली होती, पण लॅपटॉप मांडीवर घेऊन. तिचा कुठलासा मोठा अर्ज दुसऱ्या दिवशी जायचा होता. मी डबा द्यायला गेले आणि मिस आयोनींनी हाताला धरून बसवलं. त्या दिवशी त्यांनी डोक्याला पांढरं कापड बांधलं होतं. बाहेर दिवे लागले होते, पण धुरातून नुसते पिवळे डाग दिसत होते. बंद खिडकीतूनही जळका वास येत होता. त्या म्हणाल्या की हा उसाचा वास आहे, लहानपणचा. मी म्हटलं, माझ्याही. अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावरचा ऊस आम्हा दोघींच्या नाकात एकसारखा जळत होता.

मग त्या लेकीकडं वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, क्रिक.

मार्वानं स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, मम्मी, आज नको, प्लीज. आणि कानाला हेडफोन लावले. तिच्यावर रागवायचा मला काय अधिकार? मीही त्याच वेळी घरी चार्जरला लावलेला फोन विसरून आल्याबद्दल सुटकेचा श्वास टाकत होते, कारण शुक्रवार होता.

मिस आयोनी पुन्हा म्हणाल्या, क्रिक. खोलीत एअर प्युरिफायरची घरघर, लेकीच्या बोटांची टकटक, आणि त्या दोन्हींच्या मधे तो शब्द नुसता लोंबकळत राहिला. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज थोडा कापला. माझ्यानं राहवेना. दुसऱ्याच्या घरी, मायलेकींच्या मधे, मी तोंड उघडलं आणि म्हटलं, क्रॅक.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. नंतर कितीदा वाटलं, ती नजर ‘गप्प बस’ म्हणणारी होती की ‘बरं झालं’ म्हणणारी? अजून ठरवता येत नाही. मग त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला वळवली.

गोष्ट अशी. त्यांच्या घराण्यातली पहिली बाई जहाजातून बेटावर आणली गेली तेव्हा अजून पोरगीच होती. मळ्याच्या मालकानं तिला नवं नाव दिलं, फीबी. जुन्या नावाला ओ दिली तर फटके. मग तिनं आपलं खरं नाव डाव्या गालात ठेवलं. जेवताना उजव्या गालानं जेवायची, गाताना ते जिभेखाली सरकवायची. दिवसभर उसाच्या फडात राबायची, पण कांडं कधी चोखलं नाही, काकवीचं बोट कधी चाटलं नाही. गोडानं नाव विरघळेल अशी तिला भीती होती. लोक म्हणायचे, फीबी अर्धी मुकी आहे. ती मुकी नव्हती, तिचं तोंड भरलेलं होतं. पुढं तिला मुलगी झाली. ती मोठी, शहाणी झाल्यावर एका संध्याकाळी फीबीनं तिला ही सगळी हकीकत सांगितली आणि ते नाव तिच्या कानात ठेवलं. दिल्यावर ते परत उच्चारायचं नाही, कारण आता ते तिचं नव्हतं. आणि त्या संध्याकाळी फीबीनं आयुष्यात पहिल्यांदा ऊस खाल्ला.

मी ऐकताना आमच्या बारशातली आत्या आठवत होते, बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगणारी. आमच्याकडं नाव सांगून सगळ्या पाठीत धपाटे घालतात, पेढे वाटतात. यांच्याकडं नाव लपवून पोचवायचं होतं.

मग मिस आयोनींनी मान वर करून साखळी म्हटली. फीबीनं ज्युडिथला दिलं, ज्युडिथनं सेलेस्टीनला, सेलेस्टीननं रोझला, रोझनं मा पर्लला, मा पर्लनं आयोनीला. आणि मला काही कळायच्या आत माझा चेहरा हातात धरून माझ्या कानाशी वाकल्या आणि नाव सांगितलं.

मार्वानं तेव्हा एकदा मान वळवून पाहिलं. आम्ही काहीतरी चहाडी करतोय असं वाटून ती हसली आणि परत कामाला लागली.

मिस आयोनी उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि डब्यातली चमचाभर साखर कोरडीच तोंडात टाकली. डोळे मिटून ती विरघळू दिली. आता कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांच्या मागं गेले आणि कुजबुजत म्हटलं की ही गोष्ट माझी नाही, मार्वाची आहे, परत घ्या. त्यांनी ओठांवरचे साखरेचे कण पुसले.

“जी उत्तर देते तिला गोष्ट मिळते, पोरी,” त्या म्हणाल्या. “हा नियम मी केलेला नाही. मार्वाला भूक लागेल तेव्हा ती तुझ्याकडं येईल. तोवर सांभाळ.”

दुसऱ्याच्या घरचं ताट चुकून आपल्यासमोर यावं आणि आपण जेवून मोकळं व्हावं, तसं झालं होतं.

थोड्या दिवसांनी वारा फिरला, आभाळ निळं झालं, मिस आयोनी बेटावर परतल्या. वर्ष उलटायच्या आत मार्वालाही दुसऱ्या देशात नोकरी लागली. ती निघाली त्या दिवशी मी लिफ्टपाशी तिच्या बॅगांना हात लावायला गेले होते. सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, आणि आठवलं की बाहेर लख्ख ऊन आहे. दिवसा सांगायचं नसतं. मी तिला मिठी मारली आणि जपून जा म्हटलं. नंतर फोनवर सांगता आलं असतं, पण नाव कानातच द्यायचं असतं. नियम पाळायचा म्हटला की न करण्याची किती सोय होते!

दीड-दोन वर्षांनी मिस आयोनी गेल्या. मार्वाचा मेसेज आला. मी फुलांचं एक चित्र पाठवलं आणि खाली दोन ओळी लिहिल्या. त्या ओळींत सगळं होतं, फक्त सांगायचं ते नव्हतं.

खरं सांगायचं तर तोवर ते नाव मला आवडायला लागलं होतं. पाया लेबारला उतरायच्या गर्दीत मी ते मनातल्या मनात म्हणून बघायचे, विसरले तर नाही ना म्हणून. मी एका साखर कारखान्याच्या गावची, उसावर वाढलेली. मी साखर सोडली. हॉकर सेंटरमध्ये कॉफीवाल्या काकांना ‘कोपी ओ कोसोंग’ म्हणायला शिकले, म्हणजे काळी, बिनसाखरेची. घरात सगळ्यांना वाटलं, डाएट. नवरा कौतुकानं चारचौघांत सांगायचा. दिवाळीला साताऱ्याला गेले की आई रव्याचा लाडू पुढं करायची आणि मी मान हलवायचे. “एवढं कसलं गं पथ्य?” ती म्हणायची. तिचा लाडू तसाच ताटलीत राहायचा. परक्या बाईच्या पणजीच्या आजीसाठी मी आईच्या हातचं गोड नाकारत होते आणि मनातून मला त्याचा अभिमानही होता. अपराधी वाटणं आणि मिरवणं एकाच घरात इतकी गुण्यागोविंदानं नांदतात हे मला तेव्हा कळलं.

भीतीही वाटायची. ते नाव माझ्या जिभेला हळूहळू मराठी वाटायला लागलं होतं. मिस आयोनींचा एक स्वर घशात खोल जायचा. माझा वरच्या वर राहतो. मूळ कसं होतं ते विचारायला जगात कुणी उरलं नव्हतं. एकदा मला ताप भरला तेव्हा वाटलं, आपण गेलो तर हे नाव क्लेमेंटीच्या एका बेडरूममध्ये संपेल. ईराला सांगावं असंही मनात आलं. नाही सांगितलं. एक चूक सांभाळता सांभाळता दमले होते, दुसरी कुठं करू?

आणि या सगळ्या वर्षांत आईचे शुक्रवारचे फोन कधी थांबले, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

यंदा अधिक महिना आला, श्रावण सप्टेंबरात शिरला, आणि त्याच सुमारास मार्वाचा मेसेज आला. एका परिषदेसाठी सिंगापूरला येतेय, भेटायचंय. गुरुवारी संध्याकाळी बोलावलं. सकाळी खिडकी उघडली तर तो वास. मला वाटलं, मिस आयोनींनीच पाठवला असावा, आठवण करायला.

मार्वा आली तेव्हा उजेड होता. केस पिकले होते, आईसारखी ताठ चालायला लागली होती. फोनवर तिनं लेकीचा फोटो दाखवला. चार वर्षांची, नाव पर्ल. बाकीचं बोलणं झालं, खिचडी झाली. मग तिनं चमचा खाली ठेवला. बेटावर तिची एक म्हातारी मावशी आहे. पर्लला घेऊन ती गेल्या महिन्यात मावशीकडं गेली होती. घरातली गोष्ट मला सांग, म्हणाली. मावशी म्हणाली, मला थोरल्या बहिणीनं, तुझ्या आईनं, दिली नाही, लेकीकडं जाते ती. मग मम्मीनं मला का नाही दिली, असं मार्वानं विचारलं, तर मावशीनं एवढंच सांगितलं की आयोनी जाताना म्हणाली होती, गोष्ट सिंगापुरात आहे.

“मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय,” मार्वा म्हणाली. “मग आठवलं, त्या दिवशी तुम्ही दोघी कुजबुजत होता. वृंदा, ती मी नको म्हटलेली गोष्ट होती का?”

मी हो म्हटलं. तिनं चेहरा हातांत घेतला. मला वाटलं होतं, ती माझ्यावर चिडेल, मला ते हवंही होतं. पण ती म्हणाली की तो अर्ज शेवटी नामंजूरच झाला होता. आम्ही दोघी खिडकीकडं तोंड करून सूर्य मावळायची वाट बघत बसलो. हेझमध्ये सूर्य मावळत नाही, नुसता विझत जातो. कुठल्या क्षणी संध्याकाळ झाली म्हणायचं तेच कळेना. शेवटी समोरच्या ब्लॉकचे दिवे लागले.

मी सवयीनं डब्यातले चार तांदळाचे दाणे तिच्या तळहातावर ठेवले. तिनं विचारलं नाही, मूठ मिटली. मी म्हटलं, क्रिक. माझा आवाज मिस आयोनींसारखाच कापला. आणि तिनं इतक्या जोरात क्रॅक म्हटलं की आतल्या खोलीतून ईरा बाहेर डोकावली आणि परत गेली.

मी सांगितलं, मला आलं तसं. गाल, फटके, ऊस, सगळं. साखळी म्हटली आणि आयोनीपाशी थांबले. मग मार्वाच्या कानाशी वाकून नाव दिलं. आधीच सांगितलं होतं की माझा उच्चार चुकत असेल. तिनं ते ऐकलं, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. डावा गाल थोडा फुगला. तिला ते कळलंही नसावं. ते नाव मी इथं लिहीत नाही. आता ते माझं नाही.

खूप वेळानं तिनं साखळी म्हणून पाहिली. शेवटी म्हणाली, आयोनीनं वृंदाला, वृंदानं मार्वाला. मी घाईनं म्हटलं की मला वगळ, मी वाटेतली आहे, माझा काय संबंध.

“मग मम्मीपासून माझ्यापर्यंत भोक राहील,” ती म्हणाली. “पर्लला सांगताना मी त्या भोकाचं काय करू? आणि मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही, हेही तिला कळायला नको का?”

तिनं उठून साखरेचा डबा शोधला, चमचा भरला आणि माझ्यापुढं धरला. मी इतक्या वर्षांनी साखर खाल्ली. दातांखाली ती करकरली आणि एकदम आईची ताटली आठवली, न उचललेल्या लाडवाची. मार्वाला वाटलं, मी आनंदानं रडतेय.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. ऑफिसातून लवकर निघाले. मूठभर तांदूळ घेतले, फोन हातात धरला, लॅपटॉप बॅगेतून काढलाच नाही. आईच्या घरची कहाणी मला अर्धीच येते. सासुरवाशीण भल्या पहाटे विहिरीवर जाते, तिथं एक म्हातारी तिच्याकडं पाणी मागते, आणि मग? मग मी म्यूटवर होते.

आईनं फोन उचलला. मी म्हटलं, आई, कहाणी सांग ना, आपल्या घरातली. अक्षता घेऊन बसलेय.

“अगं, आता मधलं मधलं विसरायला होतं मला,” ती म्हणाली. “वरच्या मजल्यावर ती ओडिशाची मुलगी राहते ना भाड्यानं, बँकेत बदली होऊन आलेली, सुस्मिता. तीन वर्षं झाली, दर शुक्रवारी येऊन बसते बिचारी. मराठी धड येत नाही, पण हूं कसं छान म्हणते. तिला सगळी पाठ आहे आता. तुला घाई असायची.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी भांडले असते, माझं काम सांगितलं असतं, महिनाअखेर सांगितली असती. खिडकीबाहेर धूर तसाच होता. आतून ईरानं विचारलं, मम्मा, कुणाशी बोलतेस? मी तिला बाहेर येऊन बस म्हटलं. ती का म्हणून विचारत आली, पण बसली, आणि मी तिच्या हातावर थोडे तांदूळ ठेवले.

मग आईकडं सुस्मिताचा नंबर मागितला. आईनं चष्मा शोधला, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली आणि तिथं लिहून ठेवलेला नंबर एकेक आकडा थांबून सांगायला लागली. प्रत्येक आकड्याला मी हूं म्हणत होते.